चिन्मयीचे दोन ड्रायर

चिन्मयी खांबेटेला 'नाही' म्हणता येतं, पण म्हटल्यावर ती जात नाही, ही खरी अडचण आहे. ती तिथेच उभी राहते, हसतमुखाने, जणू तुमचं वाक्य अजून संपायचंय. मग माणूसच ओशाळतो आणि वाक्य संपवतो, आणि ते 'बरं, किती द्यायचे?' असं संपतं.

ही कला तिला कोणी शिकवली नाही. चौथीत असताना शाळेचा वॉकाथॉन होता. मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि ओळखीच्यांनी दर फेरीमागे काहीतरी द्यायचं. बाळ काकाने, म्हणजे तिच्या बाबाच्या कॉलेजपासूनच्या मित्राने, लाडात येऊन फेरीमागे पाच डॉलर लिहिले. एवढीशी पोर, तीन-चार फेऱ्या मारेल आणि आईस्क्रीम मागेल, असा त्याचा अंदाज. चिन्मयी मैदानाचं फाटक बंद करायला आलेल्या माणसाने हाकलेपर्यंत चालत राहिली. बाळ काकाने पैसे दिले, पण त्यानंतर तो खांबेट्यांकडे जेवायला आला की ती खोलीत आहे की बाहेर गेली आहे, ते आधी विचारून घ्यायचा.

आता ती वीस वर्षांची आहे. युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. उंची बेताची, चष्मा, आणि खांद्याला कायम एक कापडी पिशवी. तिच्यात पावतीपुस्तकापासून प्लास्टरपर्यंत सगळं असतं, फक्त घराची किल्ली नसते.

सिडनीतल्या कॅसल हिल आणि आसपासच्या मराठी मुलांचा 'हातभार' नावाचा एक ग्रुप आहे. तो चिन्मयीने अकरावीत असताना काढला. तेव्हा सगळ्या आईबापांना फार आवडला होता. मुलाने समाजसेवा केली की अर्जात लिहिता येतं. मुलांना युनीत प्रवेश मिळाले आणि समाजाची गरज एकदम कमी झाली. ग्रुपमध्ये पाच-सहा जणं उरली. चिन्मयी उरली, आणि तिच्या बाबाला नेमकं तेच कळेना. प्रवेश मिळाल्यावरही ही मुलगी शनिवारी सकाळी उठून दुसऱ्यांच्या चादरी कशाला घड्या करते?

चादरी वेस्टमीडच्या एका निवासघरातल्या. हॉस्पिटलच्या जवळच आहे ते. लांबून आजारी मुलं घेऊन आलेले आईबाप तिथे राहतात. कोणी आठवडाभर, कोणी सहा महिने. मुलं शनिवारी तिथे जाऊन चादरी बदलतात, फ्रिज साफ करतात, एखादं मोठं पातेलं भरून काहीतरी शिजवून येतात. यंदा जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, तिथले कपडे वाळवायचे दोन्ही ड्रायर बसले. एक नुसताच फिरायचा, दुसरा नुसताच ओरडायचा. बाहेर पाऊस. मग ओल्या चादरी कॉरिडॉरमध्ये दोऱ्यांवर टांगायला लागल्या. रात्रभर पोराच्या उशाशी बसून आलेली एक बाई त्या चादरींखालून वाकून, केसांवर पाणी घेत आपल्या खोलीत गेली, ते चिन्मयीने पाहिलं. चिन्मयीला दया येत नाही, राग येतो. त्या दिवशी तो आला.

"दोन नवे ड्रायर," तिने ग्रुपला सांगितलं. "घरगुती नाही. मोठे, लाँड्रीत असतात तसे."

निहारिका म्हणाली, "माय गॉड, ते किती महाग असतात माहितीये का?"

"म्हणूनच तर आपण विकत घेतोय. स्वस्त असते तर त्यांनीच घेतले असते."

मग चिन्मयीने आवाहन लिहिलं, ग्रुपच्या बँक खात्याचा नंबर खाली दिला, आणि ते मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. सत्तरेक जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. पुढच्या आठवड्यात तिने ते पुन्हा टाकलं. पुन्हा हात जोडले गेले. जोडलेल्या हातांनी खिशात हात घालता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि ती घरोघर जायला लागली. वडे तळून विकले, गाड्या धुतल्या, कोणाच्या तरी कुत्र्याला फिरवलं. ऑगस्ट संपेपर्यंत एक ड्रायर पुरा झाला. दुसऱ्याचं मात्र दारच आलं होतं फार तर.

त्यात युनीचे निकाल लागले.

"फार्माकॉलॉजीत पास," बाबा म्हणाला. अजित खांबेटे डार्विनकडच्या एका गॅस प्रोजेक्टवर इंजिनियर आहे. तीन आठवडे तिकडे, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, आणि मग घरी. घरी असतो तेव्हा तो राहिलेलं सगळं तपासून घेतो. "नुसता पास."

"पास म्हणजे पासच ना, बाबा."

"सिद्धार्थला डिस्टिंक्शन आहे."

"सिद्धार्थ मेलबर्नला गेला. आमचा खजिनदार होता, पैसे मोजायचे सोडून गेला."

"शहाणा आहे." बाबाने कॉफीचा कप खाली ठेवला. कामावर निर्णय सांगताना तो असाच ठेवत असणार. "ऐक. मी आता जातोय, तीन आठवड्यांनी रविवारी संध्याकाळी परत येतो. तोवर तुझे दोन ड्रायर झाले, तर तू आणि तुझा ग्रुप, मी मध्ये पडणार नाही. नाही झाले, तर ग्रुप दुसऱ्या कोणाला द्यायचा, आणि डिग्री हातात येईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. बोल."

"आणि दुसरा कोणी म्हणजे कोण?"

"ती निहारिका आहे की."

निहारिकाच्या हाती ग्रुप गेला असता, तर महिन्याभरात त्याचं फक्त इन्स्टाग्राम उरलं असतं. चिन्मयीला ते माहीत होतं. बाबालाही असावं.

"डील," ती म्हणाली.

तीन आठवड्यांपैकी दोन गेले तरी दुसऱ्या ड्रायरचं दाराशिवाय काही येईना. तेव्हा तिची नजर तिच्या भावाच्या डोक्यावर गेली.

धवल सतरा वर्षांचा. त्याचे केस पुढे डोळ्यांवर येणारे, मागे मानेवर रुळणारे, आणि त्यांच्यावर रोज सकाळी बाथरूममध्ये इतका वेळ जायचा की घरातल्या बाकीच्यांना दात घासायला किचनचं सिंक वापरावं लागे. त्याला मिशीही होती. म्हणजे वरच्या ओठावर एक सावली पडलेली होती, पण तो तिला मिशी म्हणायचा आणि घरच्यांनी ते मान्य केलं होतं.

"तुझं डोकं भादरायचं," चिन्मयी म्हणाली. "पार्कमध्ये, सगळ्यांसमोर. लोक त्याचे पैसे देतात. इथे सगळे करतात."

"नो वे."

ती तिथेच उभी राहिली.

"चिनू, आय सेड नो."

ती उभीच.

"...किती देतील?"

आईची परवानगी काढली. अंजू वेस्टमीडलाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताचे नमुने तपासते, आणि आपण वैज्ञानिक दृष्टीच्या आहोत असं मानते. "डोक्याचं काय ते करा," ती म्हणाली. "मिशीला हात लावायचा नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

कारण सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही, हे वाक्य तिला स्वतःच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी पार्कात धवलच्या शाळेतली सगळी क्रिकेट टीम आली. केस पडले, टाळ्या पडल्या, डबा थोडा भरला. मग त्याच्या मित्रांतल्या एकाने विचारलं, "हाउ मच फॉर द मो?" मो म्हणजे मिशी. लिलाव सुरू झाला. आईचे शब्द चिन्मयीला आठवले. दुसरा ड्रायरही आठवला. रेझर तिनेच फिरवला.

संध्याकाळी आईने पोराला पाहिलं आणि खुर्चीत बसली. मग एवढंच म्हणाली, "उद्या बाबा घरी येईपर्यंत हा उंबऱ्याबाहेर पडता कामा नये." धवलला वाटलं, उन्हाने टाळू भाजेल म्हणून.

रविवारी आईला सकाळची शिफ्ट होती. तिथून परस्पर एअरपोर्टवर जाऊन ती बाबाला घेऊन येणार होती. ती गेली आणि धवलला भूक लागली. घरात ब्रेड नव्हता, दही नव्हतं. डोक्याला थोडं सनस्क्रीन लावलं की झालं, असा विचार करून तो इंडियन ग्रोसरीत गेला. सप्टेंबरात सिडनीत फुलांचे पराग उडतात आणि धवलचे डोळे दरवर्षी टोमॅटोसारखे होतात.

तर दुकानात मंडळातल्या पद्मा मावशीने काय पाहिलं? अजित खांबेट्यांचा एकुलता एक मुलगा. तुळतुळीत डोकं. मिशी नाही. अंगात पांढरा टी-शर्ट, डोळे लाल, नाक ओढतोय आणि एकटाच दह्याचा डबा घेऊन उभा आहे.

पद्मा मावशी मऊ मनाची बाई. तिच्याने पुढे होववेना. अशा वेळी दुकानात, मसुराच्या डाळीसमोर, पोराशी काय बोलायचं? ती आट्याच्या पोत्यांमागे गेली, तो पैसे देऊन जाईपर्यंत तिथेच थांबली, आणि मग तिने चित्रलेखाताईंना फोन लावला.

चित्रलेखाताई मंडळाच्या अध्यक्ष. बातमीची खात्री केल्याशिवाय त्या काही करत नाहीत. त्यांनी अजितला फोन लावला, बंद. तो विमानात होता. अंजूला लावला, उचलला नाही. लॅबमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चिन्मयीला लावला, सारखा बिझी. ती उरलेल्या लोकांकडे ड्रायरचे पैसे मागत होती.

"तिन्ही फोन," चित्रलेखाताई पद्माला म्हणाल्या. "आता आणखी काय खात्री करायची?"

त्यांनी एक नवा ग्रुप केला, त्यात खांबेट्यांपैकी कोणाला घेतलं नाही. अकराच्या सुमाराला अजितला डार्विनच्या उन्हाने हार्ट अटॅक आला होता. बारापर्यंत प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला होता. जेवणं उरकेपर्यंत मगर आली.

"मगरीचं मला पटत नाही," बाळ काकाने ग्रुपवर लिहिलं. "तो पाण्यात उतरणाऱ्यातला नव्हता. मी त्याला तीस वर्षं ओळखतो. माझा भाऊ गेला." पुढे रडण्याची इतकी चित्रं होती की स्क्रीन खाली सरकवावा लागला.

परदेशात कोणी असं अवेळी गेलं की आपली माणसं आधी पैसे जमवतात. घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं. रडायला नंतर वेळ मिळतो. चित्रलेखाताईंनी लगेच आवाहन केलं. मंडळाच्या खात्याला दोन सह्या लागतात आणि दुसरी सही नाशिकला भाच्याच्या मुंजीला गेलेली. तेव्हा त्यांना आठवलं की चिन्मयीच्या ग्रुपच्या खात्याचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, तिने तो इतक्या वेळा टाकलाय. पोरगी घरातलीच. पैसे बरोबर आईच्या हातात पडतील.

दुपारी चिन्मयी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, तेव्हा तिचा फोन वाजायला लागला आणि थांबेना.

"धवल! इकडे ये! पैसे येतायत!"

"कोणाचे?"

"सगळ्यांचे! बघ. कुलकर्ण्यांनी दिले. त्या साठे आजोबांनी दिले, ज्यांनी मला दारातून हाकललं होतं."

धवलने मान लांब करून पाहिलं. पैशांबरोबर निरोप होते. "'सो सॉरी'? का सॉरी?"

"उशिरा दिले म्हणून असेल."

"'स्टे स्ट्राँग.'"

"बरोबर आहे. कमी त्रास दिलाय का मला यांनी."

"'ओम शांती.'"

चिन्मयी क्षणभर थांबली. "म्हातारी माणसं लिहितात तसं," ती म्हणाली. तेवढ्यात ड्रम आला, मोटर आली, आणि चारच्या आत दुसरा ड्रायर उभा राहिला. ती उठली आणि टकल्या भावाला धरून तिने हॉलभर नाचवलं. बाबाचं विमान खाली उतरत होतं आणि ती जिंकली होती.

पाचला बेल वाजली. धवलने दार उघडलं. बाहेर पद्मा मावशी होती, हातात पिठलं-भाताचा मोठा डबा. मागे चित्रलेखाताई, पांढऱ्या कुर्त्यात. त्यांच्या मागे बाळ काका चहाचा थर्मास छातीशी धरून. त्यांच्यामागे ड्राइव्हवेवर आणखी माणसं बूट काढत होती. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी अन्न न्यायचं, ही आपली रीत. ते आलेलं अन्न पाहून धवलला मनापासून आनंद झाला.

पद्मा मावशीने त्याचं तुळतुळीत डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "कसं रे झालं, बाळा?"

"ऑल गुड, मावशी," तो तिच्या ओढणीतून म्हणाला. "चिनूनेच केलं. पाच मिनिटांत संपलं."

पद्मा मावशी दोन पावलं मागे सरली.

आतून चिन्मयी आली. तिचा चेहरा फुललेला. "या ना, या! तुम्ही सगळे स्वतः आलात? थँक यू सो मच! मला वाटलंच नव्हतं, शेवटच्या दिवशी असं होईल म्हणून."

"धक्का बसलाय तिला," चित्रलेखाताई हळूच म्हणाल्या.

"बसणारच! मी तर नाचले!"

"रडून घे गं," पद्मा मावशी म्हणाली. "आतल्या आत ठेवू नकोस."

"अहो, रडायचं काय? बाबा येऊ दे, त्यालाही सांगते."

बाळ काकाच्या हातातला थर्मास तिरपा झाला. तो भिंतीला टेकला आणि मोठ्याने रडायला लागला. "माझा भाऊ गेला गं, चिनू. तुझा बाप नव्हता, माझा भाऊ होता तो."

चिन्मयीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या पांढऱ्या कुर्त्याकडे. मग पिठल्याच्या डब्याकडे. मग शेवटी भावाच्या डोक्याकडे, आणि त्याच्या वरच्या ओठाकडे. आईने काय सांगितलं होतं आणि काय सांगितलं नव्हतं, ते दोन्ही तिला एकदम कळलं. हातातल्या फोनवर आणखी एक 'ओम शांती' आली.

खरं सांगायचं, तर इथे ती थोडी थांबली. फार नाही. एवढ्या माणसांचं रडणं थांबवायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्याच वाक्याने दुसरा ड्रायर मोडीत निघाला असता. ओल्या चादरी आणि त्यांच्याखालून वाकून जाणारी ती बाई तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने तोंड उघडलं. "काका, ऐका, बाबा..."

"बाबा काय?" दारातून आवाज आला. अजित खांबेटे बॅग घेऊन आत येत होता. मागे अंजू, गाडीची किल्ली हातात. त्याने दाराशी पसरलेल्या बुटांवरून पाय टाकला, खोलीभर माणसं पाहिली आणि उसासा सोडला. "आज काय विकतेयस?"

पद्मा मावशी किंचाळली. कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं, कोणीतरी 'अय्या' म्हणालं. चित्रलेखाताईंनी पांढऱ्या कुर्त्यावरची ओढणी सारखी केली, जणू आणखी कुठे तरी जायचं होतं म्हणून घातली होती. बाळ काकाने अजितला मिठी मारली, मग हाताला चिमटा काढला, मग पुन्हा मिठी मारली. आणि अंजूने एकदा मुलाच्या ओठाकडे, एकदा पिठल्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"मी सांगितलं होतं ना, उंबऱ्याबाहेर पडू नकोस?"

"ब्रेड नव्हता," धवल म्हणाला.

ती तशीच चिन्मयीकडे वळली. "आणि मिशीला हात लावू नकोस, हे कोणाला सांगितलं होतं?"

"कारण नव्हतं सांगितलंस."

"आता कळलं?"

उलगडा व्हायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येकाला आपण नाही, दुसऱ्याने सुरुवात केली, हे सांगायचं होतं. मगर कोणी आणली ते शेवटपर्यंत कळलं नाही. या गोंधळात अजितला भूक लागली. विमानात त्याला एक सँडविच मिळालं होतं.

"पिठलं आहे का ते?"

"अहो, नका!" पद्मा मावशीने डबा पाठीमागे धरला. "ते तुमच्या... ते तसल्या कामाला केलेलं आहे."

"तसलं काम मीच ना? मग माझंच आहे." त्याने डबा घेतला आणि टेबलाशी बसून जेवायला लागला. आपल्याच सुतकाचं पिठलं वाढून घेणारा माणूस कॅसल हिलमध्ये त्याआधी कोणी पाहिला नव्हता. "लसूण मस्त पडलाय, पद्मा."

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती कोणीच बोलत नव्हतं. शेवटी चित्रलेखाताईंनी घसा साफ केला. "ते... चिन्मयी... ते दुपारचं..."

"पैशांचं ना, काकू?" चिन्मयी उभी राहिली. स्वच्छ, खणखणीत बोलली. "ते बाबासाठी होते, ड्रायरसाठी नव्हते. मला चुकून वाटलं. बाबा ठीक आहे, तेव्हा सगळे परत जाणार. कोणाकोणाला परत हवेत, ते आत्ता सांगा, मी आत्ताच पाठवते. जे आले नाहीत त्यांना मेसेज करते."

आणि ती उभी राहिली. हसतमुखाने.

लोकांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. तिथे अजित पिठलं खात होता, जिवंत, दुसऱ्यांदा भात वाढून घेत. हा माणूस मेला नाही म्हणून माझे पैसे परत द्या, असं त्याच्यासमोर कसं म्हणायचं?

"राहू दे गं," साठे आजोबा म्हणाले. "चांगलं काम आहे."

"परत कशाला?" पद्मा मावशी म्हणाली. "आनंदच आहे."

"आनंदच, आनंदच," बाळ काका म्हणाला आणि घड्याळाकडे बघून उठला.

माणसं गेली. बूट गेले. अंजूने धवलला टोपी घालायला लावली आणि बाबाला राग यायची वाट बघत ती भांडी लावत राहिली. बाबा ताटापाशीच बसून होता.

"हे पैसे धरायचे नाहीत," तो म्हणाला. "लोकांनी ड्रायरला दिलेले नाहीत. मला दिलेत."

"मान्य," चिन्मयी म्हणाली. "मी हरले. उद्या निहारिकाला ग्रुप देते."

अंजूने हातातली बशी ठेवली आणि मुलीकडे नीट पाहिलं. एवढ्या पटकन मान्य?

"हं," बाबा म्हणाला. त्याने ताटातलं एक शीत बोटाने इकडून तिकडे नेलं. "एकूण किती आले?"

"दुसरा ड्रायर झाला. वर एक इस्त्री येईल."

"इस्त्री?" त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तो लपवू शकला नाही. "म्हणजे बरेच आले की. बाळने किती दिले?"

"ते नाही सांगता येत. कोणी किती दिले ते फक्त कमिटीला कळतं."

"अगं, माझ्या मरणाचे दिलेत. मला सांगायला काय हरकत आहे?"

"तू मेला नाहीस, बाबा. तीच हरकत आहे."

"चित्रलेखाने?"

"कमिटी."

"बरं, निदान पहिल्यांदा कोणी दिले एवढं तरी?"

"बाबा. रूल आहे."

तो उठला, ताट सिंकपाशी नेलं आणि घासलंही. अंजू बघत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

"कमिटीत कोण कोण असतं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"मी होते. निहारिका. खजिनदाराची जागा रिकामी आहे."

"खजिनदाराला काय करावं लागतं?"

"हिशोब. आणि शनिवारी चादरी."

"चादरी कशाला?"

"कमिटीत सगळ्यांनाच असतात. पण आता ते निहारिका ठरवेल. तिलाच विचार."

"त्या पोरीच्या हातात माझे पैसे?" बाबा वळला. हातातून पाणी गळत होतं. "एक सांग. मी काय म्हटलं होतं? दोन ड्रायर झाले तर."

"हो."

"परत कोणी मागितले?"

"कोणीच नाही."

"मग झाले ना दोन!" तो चिडून म्हणाला, जणू ती मुद्दाम हरत होती. "डील म्हणजे डील. मी मध्ये पडणार नाही म्हटलं होतं. खजिनदार होणं म्हणजे मध्ये पडणं नव्हे. आण तो फोन."

तिने आणला. त्याने चष्मा लावला आणि अंगठ्याने हळूहळू खाली जायला लागला. साठे आजोबांपाशी त्याच्या भुवया वर गेल्या. पद्मापाशी त्याने मान हलवली, डोळे जरा ओले झाले असावेत. मग तो एका जागी थांबला. थोडं वर गेला, पुन्हा खाली आला.

"इथे एखादं शून्य राहिलं असेल."

"नाही राहिलं, बाबा."

"तीस वर्षं," बाबा म्हणाला. "त्याच्या घराची वायरिंग मी तपासून दिली. त्याच्या आईला एअरपोर्टवरून मी आणलं. भिंतीला धरून रडत होता ना आत्ता?"

"खूप," धवल टोपीखालून म्हणाला.

बाबाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"बाळला फोन लाव," तो चिन्मयीला म्हणाला. "खजिनदार बोलतोय म्हणून सांग."